फाळक्याचा जोर कुणाच्या कमरेवर?

ट्रकच्या मागच्या दाराला आपल्याकडे फाळका म्हणतात. चार ड्रायव्हर एकत्र बसले की इंजिन, गियर, ब्रेक यांवर तासभर चर्चा रंगते. फाळक्याचे नाव कोणी काढत नाही. त्याच्यावर रंगवलेला मजकूर मात्र सगळी दुनिया वाचते. कुणी आईवडिलांचे आशीर्वाद लिहितो, कुणी 'जय भीम', कुणी मुलांची नावे. 'हॉर्न ओके प्लीज'चा तर असा सुळसुळाट झाला की २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ते लिहिण्यास मनाई केली. पण हा मजकूर ज्या लोखंडी दारावर असतो ते दार कशावर टांगले आहे, त्याच्या बिजागरीत काय शिल्लक राहिले आहे, हे पाहायला कुणाला वेळ नसतो. ते दार एखाद्याच्या हातावर पडते, तेव्हाच सगळे वाकून बघतात.

विजयदुर्गचे आमचे एक वाचक जुना टेम्पो चालवतात. बंदरावरून मासळी, मोसमात आंबा आणि मधल्या काळात जांभ्याचे चिरे, अशी त्यांची वाहतूक. त्यांच्या गाडीच्या फाळक्याला खालून दोन स्प्रिंगा आहेत. एका बाजूची गंजून मोडली. गॅरेजवाला म्हणाला, दोन्ही काढून टाका, कटकट मिटेल. त्यांनी आम्हांला विचारले की काढून टाकाव्यात की नव्या बसवाव्यात? आणि फाळका उतरवायचाच झाला तर धोका न पत्करता कसा उतरवावा?

प्रश्न एका गाडीचा असला तरी उत्तर अनेक घरांच्या उपयोगाचे आहे. आपल्या किती घरांतला भाऊ ड्रायव्हर आहे, मुलगा क्लीनर आहे, वडील हमालीला जातात, आई बर्फाचे क्रेट उचलायला हात लावते! आम्ही कारकून माणसे. आमच्या हातात पान्यापेक्षा पेन जास्त. म्हणून जे जाणकार मेकॅनिक हे काम वर्षानुवर्षे करीत आहेत आणि जे हमाल रोज फाळक्यापाशी उभे राहतात, त्यांना विचारून आणि थोडे गणित मांडून हे लिहीत आहोत.

स्प्रिंग तिथे कशाला?

आपल्याकडच्या बहुतेक ट्रक-टेम्पोंच्या फाळक्याला स्प्रिंग नसते. बिजागरी, दोन बाजूंना साखळ्या आणि कडी-खिट्टी, एवढाच संसार. परंतु काही जुन्या गाड्यांना, किंवा बॉडी बांधणाऱ्याने मालकाच्या सांगण्यावरून बनवलेल्या फाळक्यांना, खाली स्प्रिंग सापडते. जेसीबी किंवा रोडरोलर वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या मागे जी उतरती दारे असतात, त्यांनाही मोठाल्या स्प्रिंगा असतात. तत्त्व एकच.

ते तत्त्व समजायला आधी फाळक्याचे वजन काढू. एक चौरस मीटर लांबीरुंदीच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ७.८५ किलो भरते. फाळका सहा फूट रुंद, दीड फूट उंच आणि पत्रा तीन मिलिमीटरचा धरला, तर नुसता पत्राच वीस किलोच्या घरात जातो. त्याला अँगलची चौकट, मधल्या पट्ट्या, बिजागऱ्या, हूक धरले की पस्तीस-चाळीस किलो सहज होतात. हा फाळका वरच्या कडेला धरून उचलायचा म्हणजे सुरुवातीला निम्मे वजन, म्हणजे वीस किलोपर्यंत, हातावर येते. दिवसातून वीस वेळा उचलला तर चारशे किलो. महिन्याचे पंचवीस दिवस धरा. दहा हजार किलो, म्हणजे दहा टन! मालाचा एक दाणाही न हलवता, केवळ दार लावण्यासाठी एका माणसाच्या कमरेने महिन्याला दहा टन उचलले. हे कुठल्याच बिलात लिहिले जात नाही.

स्प्रिंग इथे कामाला येते. फाळका खाली येऊ लागला की स्प्रिंगला पीळ बसतो आणि पडणाऱ्या दाराचा जोर ती आपल्यात साठवून घेते. दार धाडकन न पडता सावकाश उतरते. पुन्हा लावताना तोच साठवलेला जोर ती परत देते आणि हाताला हलके वाटते. कपडे वाळत घालायचा चिमटा पाहा. त्याच्या मधल्या तारेचे जे काम, तेच या स्प्रिंगचे. फरक एवढाच की चिमटा सुटला तर बोटाला टोचतो आणि ही सुटली तर बोट घेऊन जाते.

तेव्हा 'स्प्रिंग काढून टाका, कटकट मिटेल' या सल्ल्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. स्प्रिंग काढली म्हणून फाळक्याचे वजन कमी होत नाही. ते वजन स्प्रिंगवरून माणसाच्या कमरेवर येते. मालकाची कटकट मिटली आणि हमालाची सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ.

मोडते का?

विजयदुर्गसारख्या ठिकाणी मोडण्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाघोटनची खाडी. हवेतच खार. त्यात मासळीची गाडी. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या उताराने मागे येते आणि नेमके फाळक्याच्या बिजागरीतून गळते. बंदरावरून तळेऱ्यापर्यंतच्या सगळ्या चढउतारावर हा अभिषेक चालू असतो. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत चिरे भरले की लाल भुकटी त्या ओलाव्यावर बसते. गंज आणि भुकटी मिळून पॉलिश कागदासारखे काम करतात. पीन झिजते, बिजागरीचे भोक लांबट होते, फाळका एका बाजूला कलतो. कललेल्या फाळक्याचा सगळा भार एकाच स्प्रिंगवर येतो आणि ती जाते.

म्हणून मोडलेली स्प्रिंग बदलून काम संपत नाही. ती ज्या पिनेमुळे मोडली ती पीन तशीच ठेवली, तर नवी स्प्रिंगही त्याच वाटेने जाईल.

काढण्यापूर्वी

या कामाचा एकच मोठा नियम आहे. जोर कुठे बसला आहे ते आधी शोधा, मग पान्याला हात घाला.

बहुतेक गाड्यांत फाळका उभा, म्हणजे बंद असताना स्प्रिंग सगळ्यांत सैल असते आणि आडवा किंवा खाली लोंबता असताना सगळ्यांत ताणलेली. सवयीने माणूस उलटे करतो. काम करायला सोपे म्हणून फाळका खाली सोडतो आणि पीन ठोकायला बसतो. म्हणजे जोर भरलेला असतानाच कुलूप फोडतो. हे कधीही करू नये. तरीही तुमच्या गाडीचा प्रकार वेगळा असू शकतो. बॉडी बांधणाऱ्याने काय जोडले हे त्यालाच ठाऊक. म्हणून आधी दोघांनी धरून फाळका एकदा सावकाश उतरवावा, पुन्हा लावावा आणि कोणत्या जागी स्प्रिंग घट्ट होते, कोणत्या जागी ढिली पडते, ते डोळ्यांनी पाहावे.

गाडी सपाट जागेवर घ्यावी. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हे काम करू नये. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गियरमध्ये आणि चाकांच्या पुढेमागे लाकडी ओंडके. हौदा रिकामा हवा. भरलेल्या गाडीचा माल फाळक्यावर रेलतो, हे विसरू नये. आदल्या रात्री बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुऊन, कोरड्या करून त्यांत गंज सोडवणारे तेल सोडावे. रात्रभरात ते जे करते ते सकाळी घणाने होत नाही.

माणसे किमान तीन असावीत. दोघे फाळका धरायला, एक काम करायला. हुकूम एकाचाच चालेल. 'धर', 'सोड', 'थांब' हे तीन शब्द आधी ठरवून घ्यावेत. तीन माणसांनी तीन बाजूंनी ओरडले की अपघात ठरलेला. 'थांब' मात्र कुणीही म्हणावे आणि ते ऐकताच सगळ्यांनी थांबावे. लहान मुलांना अंगणातून आत पाठवावे. डोळ्यांवर चष्मा घालावा. गंजाचा कण उडतो तो डोळ्याची वाट बरोबर शोधतो.

उतरवताना

आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कोणते टोक कशावर टेकले आहे, वायसर कोणत्या बाजूला आहे, हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. डाव्या-उजव्या भागांवर रंगाने खूण करा. डावी आणि उजवी स्प्रिंग दिसायला सारखी असली तरी त्यांचे वेढे उलट दिशांचे असतात. अदलाबदल झाली तर ती मदत करण्याऐवजी विरोध करील.

मग फाळका बंद करून दोन्ही खिट्ट्या लावा. त्याशिवाय दोन मजबूत दोरांनी तो हौद्याच्या दोन्ही बाजूंना बांधा. खिट्टी सरकली तरी दोर धरील. फाळक्यावर दिव्याची वायर किंवा नंबरप्लेट असल्यास ती सोडवा. साखळ्या सर्वांत शेवटी काढा.

आता स्प्रिंगचा उरलेला ताण काढायचा. फाळका उभा असला तरी स्प्रिंगमध्ये थोडा ताण मुद्दाम ठेवलेला असतो. बिजागरीच्या पिनेभोवती वेढलेली स्प्रिंग असेल तर तिचे एक टोक हौद्यावर आणि दुसरे फाळक्यावर टेकलेले असते. त्या टोकावर लांब पाइप घालून जोर आपल्या हातात घ्यावा, मग अडवणारा बोल्ट सोडावा आणि पाइप सावकाश मागे येऊ द्यावा. पाइपच्या समोर तोंड किंवा छाती कधीही आणू नये. उभे राहायचे ते बाजूला.

काही गाड्यांत वेढ्यांऐवजी फाळक्याच्या रुंदीइतकी सरळ पोलादी सळई असते. तिचे एक टोक हौद्याला आणि दुसरे फाळक्याला धरलेले असते आणि तिलाच पीळ बसतो. ती साधी सळई दिसते म्हणून माणूस फसतो. तिच्या टोकाच्या पट्टीचा बोल्ट एकदम काढू नये. पट्टीला दोन बोल्ट असतील तर एक काढून त्याच्या जागी लांब आट्यांचा बोल्ट घालावा, मग दुसरा सोडावा. त्यानंतर लांब बोल्ट थोडा थोडा सोडत नेला की पीळ हळूहळू उतरतो.

ताण गेला हे ओळखावे कसे? स्प्रिंग हाताने हलवली की खुळखुळते. पीन थोडी तरी फिरते. पीन दगडासारखी बसली असेल तर दोनच कारणे. एक तर गंज आहे किंवा अजून जोर आहे. कारण कळल्याशिवाय घण मारू नये. पीन ठोकताना मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा तुकडा धरावा. कडक पोलादावर कडक हातोडा बसला की कपची उडते.

पीन एका वेळी एकाच बाजूची काढावी. त्या वेळी दोघांनी फाळका पेललेला असावा आणि बोटे बाहेरच्या कडेला असावीत, बिजागरीच्या फटीत नव्हेत. फाळका सुटला की जमिनीवर लाकडावर किंवा जुन्या टायरवर आडवा ठेवावा. भिंतीला टेकवून ठेवू नये. चाळीस किलोचे दार वाऱ्याने किंवा खेळणाऱ्या पोराच्या धक्क्याने पडायला वेळ लागत नाही. मोकळा सुटलेला दीड फुटी फाळका उभ्याचा आडवा होईतो त्याच्या कडेचा वेग तासाला सुमारे तेरा किलोमीटर होतो. त्याच्यापुढे हात मागे घ्यायला सवड मिळत नाही.

नवी स्प्रिंग घेताना

इथे काटकसर अंगाशी येते. मोडलेली स्प्रिंग वेल्डिंग करून जोडणारे कारागीर भेटतात. जोड दिसायला छान दिसतो. पण स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, थंड करून लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचा तो गुण जातो आणि ती तिथेच, बहुधा जोर भरलेला असताना, पुन्हा तुटते. त्याच कारणाने अडकलेली पीन गॅसने कापायची वेळ आली तर आधी ताण काढावा, स्प्रिंगला आच लागू देऊ नये आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते पाहावे. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवावे.

'जाड तार घाला, मजबूत होईल' हा दुसरा चुकीचा सल्ला. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सारे तेच ठेवून आठ मिलिमीटरच्या जागी दहाची तार घातली, तर ताठपणा सव्वापट न होता जवळजवळ अडीच पट होतो. मग फाळका उघडा राहत नाही. हात सोडला की वर येतो आणि वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर बसतो. म्हणून दुकानात जाताना जुना नमुनाच न्यावा. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, आतला व्यास, टोकांचा कोन आणि वेढ्यांची दिशा, या पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत. स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. एक थकलेली आणि एक ताजी, अशी जोडी फाळका वाकडाच ओढते.

पीन म्हणून बांधकामाची सळई तोडून घालण्याची पद्धत बंद करावी. तिच्यावरचे उंचवटे बिजागरीचे भोक कानशीसारखे खातात. गुळगुळीत, योग्य मापाची पोलादी पीनच घालावी. भोक लांबट झाले असेल तर बिजागरीत नवे बूश बसवून घ्यावे. आणि हो, फाळक्याला नंतर जादा पट्ट्या, जाहिरातीचा पत्रा, शोभेचे लोखंड जोडले असेल तर तेही पाहावे. स्प्रिंग मूळ वजनासाठी बनवलेली असते. वाढवलेल्या वजनाचा हिशेब तिला कुणी सांगितलेला नसतो.

बसवताना

आधी स्प्रिंगशिवाय फाळका बिजागरीत अडकवून दोघांनी धरून हलवून पाहावा. कुठे घासतो का, दोन्ही बाजूंना फट सारखी आहे का, खिट्ट्या भोकांत सहज जातात का, हे आत्ताच कळले पाहिजे. वाकडा फाळका स्प्रिंगच्या जोराने सरळ होईल ही आशा व्यर्थ आहे.

मग पिना काढून, स्वच्छ पुसून, ग्रीस लावून स्प्रिंगांसह पुन्हा घालाव्यात. फाळका उभा, खिट्ट्या लावलेल्या, दोर बांधलेले. वायसर आपापल्या जागी. स्प्लिट पीन नवीच वापरावी. एकदा वाकवून सरळ केलेली स्प्लिट पीन तुटायला टेकलेली असते. स्प्रिंगची टोके सर्वांत शेवटी, पाइप घालून, सावकाश जागेवर आणावीत आणि दोन्ही बाजूंना ताण सारखा ठेवावा. दिव्याची वायर जोडून दिवे लागतात का ते पाहावे.

साखळ्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या लांबीच्या असाव्यात. एक कडी जरी कमी-जास्त झाली तरी उघड्या फाळक्याचा भार एकाच बाजूवर येतो.

आता चाचणी. दोर ढिले ठेवून दोघांनी फाळका दहा वेळा उघड-बंद करावा. अर्ध्यावर आणून हाताचा आधार थोडा कमी केला की तो सावकाश खाली जायला हवा. धाडकन पडला तर स्प्रिंग कमी पडते. उसळून वर आला तर जास्त होते. एका हाताने, कंबर न वाकवता लागला तर काम बरोबर झाले.

एक मात्र ध्यानात ठेवा. स्प्रिंग मदतनीस आहे, राखणदार नव्हे. गाडी सुटण्यापूर्वी दोन्ही खिट्ट्या लावून फाळका हाताने हलवून पाहिलाच पाहिजे. करूळ घाट चढताना सगळा माल मागे सरकतो, तेव्हा त्याला स्प्रिंग नव्हे, खिट्टी धरते. फाळका उघडा टाकून गाडी चालवू नये. मागचे दिवे आणि नंबर झाकले जातात आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या छातीच्या उंचीवर लोखंडी कड येते. उघड्या फाळक्यावर उभे राहून चिरे उतरवू नयेत. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा. चार चिरे आणि एक माणूस म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या घरातला भार त्या दोन साखळ्यांवर आणि झिजलेल्या पिनांवर येतो.

मासळीची गाडी रिकामी झाली की बिजागरीवर दोन बादल्या गोडे पाणी आणि आठवड्यातून एकदा थोडे ग्रीस, एवढी सेवा पुरे. मोठी तपासणी जूनमध्ये करावी. मासेमारीवर बंदी असते, आंबा संपलेला असतो, गाडी उभीच असते. पडवीत किंवा शेडखाली घेऊन काम उरकावे.

बोटांचा हिशेब

आमच्या माहितीतल्या एका तरुण हमालाची दोन बोटे अशाच एका फाळक्यात गेली. स्प्रिंग काढून टाकलेली, साखळीच्या जागी नायलॉनची दोरी. गाडीमालकाने दवाखान्याचे पैसे दिले आणि वर म्हणाला, ''तू हात मध्ये घातलासच कशाला?'' घरच्यांनाही वाटले की चूक आपल्याच पोराची. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

म्हणून हा हिशेब मुद्दाम देतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. त्यात हाताच्या प्रत्येक बोटाची टक्केवारी आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. ज्या कामांना कायदा लागू त्यांच्या यादीत यंत्रावर चालणाऱ्या वाहनाची दुरुस्ती आणि अशा वाहनात माल भरणे-उतरवणे, ही कामे होती. २००० सालच्या दुरुस्तीनंतर रोजंदारीवरच्या माणसालाही वगळता येत नव्हते. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला.

तीस वर्षांच्या, महिना बारा हजार मिळवणाऱ्या हमालाचा हिशेब जुन्या कायद्याच्या रीतीने करून पाहू. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १४,९७,४५६. दोन बोटांचे २० टक्के म्हणजे २,९९,४९१ रुपये. जवळजवळ तीन लाख! आणि 'हात मध्ये का घातलास' हे या कायद्यात उत्तर नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली, एवढे पुरते. दारू पिऊन काम करणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणे किंवा सुरक्षेचे साधन स्वतःच काढून टाकणे, अशा गोष्टी मात्र दावा बुडवू शकतात. तेव्हा बाटली काम संपेपर्यंत दूर आणि मजुरीची नोंद, मग ती साध्या वहीत का असेना, जवळ ठेवावी. अपघात झाला त्याच दिवशी गाडीचा नंबर, जागा, वेळ आणि पाहणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत.

महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कामगारांचा कायदा आहे. मोठ्या बाजारपेठांतल्या हमालांना त्यातून मंडळे मिळाली, हक्क मिळाले. पण लहान बंदरावर रोजावर माल भरणाऱ्याचे नाव बहुधा कुठल्याच मंडळाच्या वहीत नसते. त्याला आपला हिशेब आपणच ठेवावा लागतो.

विजयदुर्गच्या वाचकांना आमचे उत्तर असे की स्प्रिंगा काढून टाकू नका. दोन्ही नव्या बसवा, पिना आणि बूशही बदला. खर्च एकदाच होईल. कमरेचा खर्च रोज होतो आणि तीन लाखांनी बोट परत येत नाही. काम स्वतः करायचे नसेल तर गॅरेजमध्ये करून घ्या, पण स्वतः उभे राहून पाहा आणि गाडीवरच्या हमालालाही शेजारी उभे करा. स्प्रिंगचा जोर कधी भरतो, कधी उतरतो, हे त्याला गाडीमालकाइतकेच कळले पाहिजे, कारण त्या जोरासमोर रोज उभा राहतो तो. ज्याला हे कळले तो मोडकी खिट्टी पाहून म्हणू शकेल, ''आधी हे नीट करा, मग मी माल भरतो.'' आणि असे म्हणणाऱ्याला कामचुकार म्हणू नका.